आईचा जुना आयपॅड: अपडेट मारू का, आणि तानपुऱ्याचं काय?

पत्र असं आलंय, थोडं कापून देतोय:

"नमस्कार. माझी आई मिरजेला असते, वय ६८, गाणं शिकवते. २०१५ मध्ये तिला आयपॅड एअर २ घेऊन दिला होता, १६ जीबीचा, तोच अजून चालू आहे. त्यावर आयओएस १०.३.३ आहे. आम्ही पुढे कधी अपडेट केलंच नाही कारण तेव्हा सगळे म्हणायचे की अपडेट केलं की आयपॅड स्लो होतो. आता तिला त्यावर व्हॉट्सॲप हवंय, यूट्यूब धड चालत नाही, बऱ्याच वेबसाइट अर्धवट उघडतात. तिचा रियाज आणि क्लास एका तानपुऱ्याच्या ॲपवर चालतो आणि तिच्या गुरुजींच्या तालमीची रेकॉर्डिंग पण त्याच ॲपमध्ये आहेत (गुरुजी आता नाहीत). ते ॲप उघडलं की इंग्लिशमध्ये मेसेज येतो, ॲपला अपडेटची गरज आहे वगैरे, आई ओके दाबून पुढे जाते. तिथला एक दुकानदार म्हणतो १५०० रुपयात १७ व्हर्जन टाकून देतो. भाऊ म्हणतो १५ वर जाऊच नको, आयपॅड मरतो, १३ वर थांब. मी पिंपरीला असते, व्हिडिओ कॉलवर आईकडूनच करून घेऊ का? की नवीनच घेऊन देऊ? – मिरजेची लेक"

ताई, प्रश्न तुम्ही चार विचारलेत पण खरी गोष्ट जाता जाता सांगून टाकलीय, ती म्हणजे आई ओके दाबून पुढे जाते तो मेसेज. तुमचं सगळं उत्तर त्या मेसेजमध्ये आहे. त्यामुळे हे वाचून झालं की आधी आईला फोन लावा आणि सांगा की अपडेटची खिडकी वर आली तर त्यात दुसरं काही दाबायचं नाही, फक्त "लेटर" म्हणायचं आणि "इन्स्टॉल टुनाइट" तर अजिबात नाही, कारण एकदा रात्री चार्जिंगला लावून ते झालं की सकाळी तानपुरा उघडणार नाही आणि मागे जायचा रस्ता नाही. हे घाबरवायला नाही सांगत, खरंच नाही.

आता तो मेसेज काय आहे ते. आयपॅड-आयफोनची ॲप्स आधी ३२ बिटची असायची (प्रोसेसर एका वेळी किती माहिती हाताळतो त्याचं हे माप). २०१३ मध्ये आयफोन ५एस आला तेव्हा ॲपलने ६४ बिटचा प्रोसेसर आणला, मग फेब्रुवारी २०१५ पासून नव्या ॲप्सना आणि जून २०१५ पासून जुन्यांच्या अपडेटना ६४ बिट सक्तीचं केलं, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ आलं त्यात ३२ बिटची ॲप्स चालणं पूर्णच बंद झालं. म्हणजे स्लो चालतात असं नाही, चालतच नाहीत, आयकॉन दिसतो, दाबला की सांगतो डेव्हलपरने अपडेट करायला हवं, संपलं. तुमचा आयपॅड १०.३.३ वर थांबलाय म्हणजे बरोब्बर या दरवाजाच्या अलीकडे उभा आहे, आणि आईला जो मेसेज दिसतो तो हेच सांगतोय की पुढच्या आयओएसवर हे ॲप चालणार नाही. मेसेज सात-आठ वर्षं खरं बोलत होता, फक्त आपण सगळेच असले मेसेज वाचत नाही.

खात्री करून घ्यायची तर सोपं आहे. सेटिंग्ज, जनरल, अबाउट, तिथे "ॲप्लिकेशन्स" अशी ओळ आहे आणि पुढे आकडा आहे. त्या ओळीवर बोट ठेवल्यावर आत यादी उघडली तर त्या यादीतली सगळी ॲप्स ३२ बिटची, अपडेटनंतर मेलेली धरायची. ओळ दाबून काहीच झालं नाही तर सगळं ६४ बिट आहे, निवांत. तुमच्याकडे यादी उघडणार आणि तानपुरा त्यात असणार, मेसेज येतोय म्हटल्यावर ते नक्कीच. तरी आईला सांगून त्या यादीचा फोटो मागवा कारण त्यात अजून काही निघू शकतं, हार्मोनियमचं, रागांच्या बंदिशींचं, असलं काही जे आई वापरते आणि तुम्हाला माहीतही नाही.

पुढची पायरी म्हणजे ते ॲप आज ॲप स्टोअरवर आहे का ते बघणं. तुमच्याच फोनवर बघा, आयफोन नसला तरी ब्राउझरमध्ये ॲप स्टोअरचं पान उघडतं. तिथे खाली माहितीमध्ये "कम्पॅटिबिलिटी" म्हणून ओळ असते, की याला कमीत कमी अमुक आयपॅडओएस (आयपॅडवरच्या आयओएसचं आताचं नाव) लागेल. आता तीन शक्यता. ॲप आहे आणि १५ किंवा त्याच्या खालचं व्हर्जन चालतंय असं लिहिलंय, तर झालं काम, आयपॅड १५ वर नेल्यावर त्याच ॲपल आयडीवरून नवं तानपुरा ॲप उतरवता येईल, विकत घेतलेलं असेल तर पुन्हा पैसे पडणार नाहीत. दुसरं, ॲप आहे पण १६ किंवा पुढचं मागतंय. तेव्हासुद्धा ॲप स्टोअर कधी कधी विचारतं की या आयपॅडला चालेल असं शेवटचं जुनं व्हर्जन देऊ का, पण ते त्या आयडीवर आधी घेतलेल्या ॲपलाच मिळतं, आणि मधलं एखादं ६४ बिटचं व्हर्जन निघालेलं असेल तरच उपयोग, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. तिसरं, ॲपच गायब, डेव्हलपरने सोडून दिलं. मग ते ॲप फक्त आईच्या या आयपॅडवर, फक्त १०.३.३ वर जिवंत आहे, आणि तो निर्णय मग आईचा आहे, तुमचा किंवा भावाचा नाही.

कोणी म्हणेल काय हे, मिरजेत राहून ॲपचा तानपुरा, ज्या गावच्या सतारमेकर गल्लीत अजून भोपळ्याचे तानपुरे घडतात आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय मानांकन पण मिळालं. पण शिकवणाऱ्या माणसाला विचारा, एका विद्यार्थिनीला काळी चार, पुढच्या मुलाला पांढरी एक, पावसाळ्यात तारा उतरणार, दर वेळी कोण लावत बसणार, ॲपमध्ये बोट फिरवलं की झालं. म्हणून मी ते ॲप हलक्यात घेत नाहीये. व्हॉट्सॲप फोनवर पण चालतं, हा तानपुरा दुसरीकडे चालत नाही.

आणि रेकॉर्डिंग. ताई, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथेच लोक फसतात. तुम्ही म्हणाल बॅकअप घेऊ ना कॉम्प्युटरवर, मग काय प्रॉब्लेम. बॅकअप घ्यायचाच आहे, पण बॅकअपमध्ये ती रेकॉर्डिंग त्या ॲपच्या पोटात बंद असतात, आणि तो बॅकअप पुन्हा भरला तरी नव्या सिस्टिमवर ते ॲप उघडणारच नाही, मग गुरुजींचा आवाज आयपॅडमध्ये असून ऐकता येणार नाही. म्हणून बॅकअप वेगळा आणि रेकॉर्डिंग बाहेर काढणं वेगळं, दोन्ही करायचं, आणि रेकॉर्डिंग आधी.

बाहेर काढायचे मार्ग तीन. पहिला म्हणजे आयपॅड केबलने कॉम्प्युटरला लावायचा, विंडोजवर आयट्यून्स किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरचं "ॲपल डिव्हायसेस", मॅक असेल तर फाइंडर, तिथे आयपॅड निवडला की "फाइल शेअरिंग" दिसतं, त्यात ॲपचं नाव असेल तर त्यावर क्लिक केलं की आतल्या फाइल दिसतात, सगळ्या सिलेक्ट करून कॉम्प्युटरवर घ्यायच्या. ॲप बनवणाऱ्याने ती सोय ठेवली असेल तरच नाव येतं, नसेल तर नाही. दुसरा मार्ग, ॲपच्या आत प्रत्येक रेकॉर्डिंगसमोर शेअर किंवा ईमेलचं बटण आहे का बघा, कंटाळवाणं आहे, एकेक पाठवावी लागते पण होतं. दोन्ही नाही झालं तर तिसरा, आणि हा जुना आयपॅड असल्याचा फायदा आहे, एअर २ ला हेडफोनचं भोक आहे, साधी साडेतीन एमएमची वायर घ्या, एक टोक आयपॅडला, दुसरं कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, आणि इकडे रेकॉर्डिंग चालू करून तिकडे ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करत बसा. तासाच्या तालमीला तासच लागणार, पण आई शेजारी बसली तर ती ऐकत ऐकत सांगेल हा यमन कधीचा, हे कुठल्या बैठकीतलं, तेवढी नावं फाइलला देऊन टाका. स्क्रीन रेकॉर्डिंगने करू म्हणाल तर ते आयओएस ११ पासून आलं, तुमच्या १०.३.३ मध्ये नाहीच.

निघालेल्या फाइल वाजवून बघा, नुसत्या कॉपी झाल्या म्हणून सोडू नका, आणि दोन ठिकाणी ठेवा, एक पेन ड्राइव्ह आईकडे आणि एक कॉपी तुमच्याकडे.

अजून एक छोटं काम, ॲपमधलं आईचं सेटिंग. पट्टी कुठली, काळी चार म्हणजे नेमकी काळी चार की दोन-चार सेंट (स्वराचं बारीक माप) वर चढवलेली, पहिली तार पंचम की मध्यम, जवारी किती, तबल्याची लय किती, या सगळ्या स्क्रीनचे फोनने फोटो काढून ठेवा. नव्या व्हर्जनमध्ये किंवा नव्या ॲपमध्ये हे आपोआप येईलच असं धरू नका आणि आईला "काहीतरी वेगळं वाजतंय" असं वाटत राहील, काय वेगळं ते सांगता येणार नाही, फोटो असले की दहा मिनिटांत जुळतं.

आता दुकानदार. १७ टाकून देतो म्हणणाऱ्याला १५०० काय १५ रुपये पण देऊ नका. आयपॅड एअर २ ला ॲपलने १५ च्या पुढे नेलंच नाही, १६ आलं २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यातून एअर २ वगळला, १७ ला तर निदान सहाव्या पिढीचा आयपॅड लागतो. अँड्रॉइडच्या जुन्या टॅबवर लोक बाहेरची रॉम, म्हणजे दुसऱ्या कोणी बनवलेली सिस्टिम, टाकतात ते खरंय, तिथे कंपनीने सोडलेल्या टॅबवर पण पुढचं अँड्रॉइड चढवता येतं, पण आयपॅडवर तो प्रकार नाही. आयपॅडवर कुठलंही व्हर्जन टाकताना तो ॲपलच्या सर्व्हरला विचारतो, तिथून सही मिळाली तरच ते बसतं. तो माणूस एकतर १५ टाकून १७ म्हणून सांगेल किंवा आयपॅड पुसून परत देईल, आणि पुसून म्हणजे रेकॉर्डिंगसकट.

तीच सहीची भानगड भावाच्या सल्ल्याला लागू. १३ वर थांबायला कोणाची हरकत नव्हती, पण थांबता येत नाही. ॲपल साधारणपणे त्या मॉडेलच्या सगळ्यात नव्या व्हर्जनलाच सही देतं, त्यामुळे तुमच्यासमोर पर्याय दोनच, १०.३.३ वर राहायचं किंवा सरळ १५.८ च्या मालिकेतलं शेवटचं. मधलं १२, १३, १४ काही नाही, आणि गेल्यावर आवडलं नाही म्हणून परत १० पण नाही. भाऊ रागावेल, त्याला हा परिच्छेद वाचायला द्या.

स्लो होतो हे खोटं आहे का? नाही, अर्धं खरं आहे. त्या अफवेला जोर आला डिसेंबर २०१७ मध्ये, जेव्हा ॲपलने कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग ते मुद्दाम कमी करत होते, म्हणजे आयफोन ६, ६एस, एसई, ७ हे. आयपॅडचा त्यात विषय नव्हता पण लोकांनी सगळ्यालाच अपडेटची भीती धरली. एअर २ मध्ये ए८एक्स प्रोसेसर आणि २ जीबी रॅम आहे, २०१४ च्या मानाने दणकट होता म्हणून तर आयओएस ८ पासून १५ पर्यंत टिकला. १५ वर तो वापरण्यासारखा राहतो, पण १० वर जितका चटकन होता तितका नाही, ॲप उघडायला जरा वेळ, कीबोर्ड वर यायला क्षणभर, सफारीत चार टॅब उघडल्या की पहिली परत लोड होते. आईला गाणं शिकवायला त्याने फरक पडत नाही. मुळात आज १०.३.३ वर ज्या वेबसाइट अर्धवट उघडतायत त्या का, तर सफारीचं इंजिन सिस्टिमसोबतच येतं, वेगळं अपडेट होत नाही, आणि आयपॅडवर क्रोम टाकलं तरी आतून इंजिन ॲपलचंच असतं, म्हणून ब्राउझर बदलून काही होणार नाही. सिस्टिम बदलली की हा त्रास बराच कमी होईल.

व्हॉट्सॲपचं म्हणाल तर ५ मे २०२५ पासून त्यांनी १५.१ च्या खालच्या आयओएसचा सपोर्ट काढला आणि त्याच महिन्याच्या शेवटी आयपॅडसाठी वेगळं व्हॉट्सॲप आणलं, ते आयपॅडओएस १५.१ ला चालेल असं, म्हणजे तुमचा आयपॅड काठावर पास. काठावर पास म्हणजे उद्या त्यांनी हद्द १६ केली की विषय संपला, म्हणून अपडेट करायला मिरजेला निघायच्या आदल्या दिवशी त्या कम्पॅटिबिलिटीच्या ओळीवर परत एकदा नजर टाका. आईचा नंबर फोनवरच राहील, आयपॅड क्यूआर कोडने जोडायचा, फोन रोज चालू नसला तरी चालतं पण १४ दिवसांत एकदा तरी फोनवर व्हॉट्सॲप उघडायला हवं नाहीतर आयपॅडवरून आपोआप लॉगआउट होतं.

आणि व्हिडिओ कॉलवर करून घेऊ का, तर नाही, प्लीज नाही. सुट्टीत मिरजेला जाल तेव्हा लॅपटॉप घेऊन जा आणि एक अख्खी दुपार ठेवा, क्लास नसेल अशी. कारण अडचण येते ती अपडेटमध्ये नाही, ॲपल आयडीत येते. २०१५ मध्ये आयडी कोणी बनवला होता आठवा. बहुतेक घरांत तो दुकानदाराने किंवा कुठल्यातरी भाच्याने बनवलेला असतो, ईमेल कुठला तरी, नंबर जुन्या सिमचा, पासवर्ड त्या डब्यावर लिहिला होता आणि डबा रद्दीत गेला. अपडेट झाल्यावर आयपॅड तो पासवर्ड मागतो, नंबरवर कोड पाठवतो, आणि काही कारणाने आयपॅड पुसायची वेळ आली तर ॲक्टिव्हेशन लॉक लागतो, मग त्याच आयडीशिवाय आयपॅड म्हणजे नुसती काच. म्हणून सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आईचं नाव दिसतं त्यावर जा, कुठला ईमेल आहे बघा, आणि तुमच्या लॅपटॉपवर ॲपलच्या अकाउंट साइटवर त्या ईमेलने लॉगिन होतंय का आधी तपासा. आयपॅडवरून साइन आउट करून बघायला जाऊ नका हां, बाहेरूनच तपासा. नंबर जुना असेल तर बदलून घ्या, रिकव्हरीला कधी कधी बरेच दिवस जातात म्हणून हे काम पुण्यातूनच सुरू करा, मिरजेला पोचायच्या आधी. २०१५ चं बिल सापडलं तर फाइलमध्ये ठेवा, अगदीच लॉक लागला तर ॲपल बिल बघून काढून देऊ शकतं. आणि आईला आयपॅडचा पासकोड आठवतोय ना ते विचारा, ती गेली कित्येक वर्षं अंगठाच लावत असेल, पण रीस्टार्ट झाल्यावर अंगठा चालत नाही, पासकोडच लागतो.

बॅटरीकडे एकदा नीट बघा. आयपॅड टेबलावर उताणा ठेवा, कडेने डोळे लावून बघा काच कुठे उचललीय का, मध्ये फुगवटा किंवा पिवळट-पांढरा डाग दिसतोय का. फुगलेली असेल तर अपडेट सोडा, चार्ज करणंच थांबवा, तशा अवस्थेत तो उशाशी चार्जिंगला लावून झोपणं तर बिलकूल नको. बॅटरी बदलून मिळते, पण एअर २ ची काच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेले आहेत, उघडताना फुटला की खर्च वाढतो, हे दुकानात आधी विचारून घ्या.

बाकी प्रत्यक्ष अपडेट म्हणजे सोपा भाग. १६ जीबीत सिस्टिम, ॲप्स, नातवंडांचे व्हिडिओ जाऊन काही उरलेलं नसणार, म्हणून आयपॅडवरून थेट करू नका, लॅपटॉपवरून करा, म्हणजे ती काही जीबीची फाइल लॅपटॉपवर उतरते आणि आयपॅडवर जागा कमी लागते. आधी लॅपटॉपवर पूर्ण बॅकअप, "एन्क्रिप्ट" वर टिक करून, कारण तसं केलं तरच सेव्ह केलेले पासवर्ड त्यात येतात, पण तो एन्क्रिप्शनचा पासवर्ड कागदावर लिहा, विसरला तर बॅकअप उघडत नाही. मग "अपडेट" दाबायचं. शेजारी "रिस्टोअर" असतं ते नाही, रिस्टोअर म्हणजे सगळं पुसणं. केबल चांगली वापरा, ती दोन ठिकाणी टेप लावलेली नको, आणि मिरजेत दुपारी लाइट जायचा दिवस असेल तर तो दिवस टाळा, लॅपटॉपला बॅटरी असली तरी वायफायच्या डब्याला नसते.

मध्येच अडकला आणि स्क्रीनवर केबल-कॉम्प्युटरचं चित्र आलं तर घाबरायचं नाही, तो रिकव्हरी मोड आहे. नुसताच सफरचंदावर तासभर बसला तर केबल लावलेली असू दे आणि होमचं बटण आणि वरचं बटण दोन्ही दाबून धरा तेच चित्र येईपर्यंत. लॅपटॉप विचारेल अपडेट की रिस्टोअर, परत अपडेटच. इथे एक गंमत आहे, फाइल उतरायला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागली तर आयपॅड कंटाळून रिकव्हरीतून बाहेर येतो, लोक समजतात बिघडला, काही नाही, डाउनलोड पूर्ण होऊ द्यायचं आणि बटणं परत दाबून धरायची.

झाल्यावर पहिले एक-दोन दिवस तो गरम होईल, हळू चालेल, बॅटरी खाईल, कारण आत फोटो आणि फाइलची नव्याने यादी लावत असतो. त्या दोन दिवसांत भावाला फोन लावू नका, तो "सांगितलं होतं ना" म्हणेल. चार्जरला लावून ठेवा. मग ॲक्सेसिबिलिटीमध्ये "रिड्यूस मोशन" चालू करा, "बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश" बंद करा, विजेटची पट्टी काढून टाका, याने जुन्या आयपॅडला खरंच फरक पडतो. अक्षर मोठं करून द्या.

आता माझं मत विचाराल तर असं. ॲप १५ वर चालणारं मिळत असेल तर रेकॉर्डिंग काढा आणि बिनधास्त १५.८ वर जा, दहा वर्षांच्या मशीनला एवढं मिळतंय ते घ्यावं, शिवाय त्या मालिकेला ॲपल २०२५ मध्येही सिक्युरिटीचे छोटे अपडेट देत होतं, १०.३.३ सारखं २०१७ मध्ये गोठलेलं नाही. ॲप मिळतच नसेल आणि आईचा हात त्याच ॲपवर बसलेला असेल तर मी अपडेट करणार नाही. त्या आयपॅडचं ऑटोमॅटिक अपडेट बंद करेन, अपडेटची फाइल आधीच उतरून बसली असेल तर सेटिंग्ज, जनरल, स्टोरेजमध्ये जाऊन ती डिलीट करेन, वायफाय बंद ठेवेन, आणि त्याला वायरने स्पीकर लावून निव्वळ तानपुरा म्हणून ठेवून देईन, बँकेचं, ईमेलचं, काही त्यावर नाही. व्हॉट्सॲप-यूट्यूबला मग दुसरं काहीही स्वस्तातलं चालेल, अँड्रॉइड टॅबसुद्धा. आयपॅडच हवा असेल तर एक लक्षात असू द्या, २०२१ चा नवव्या पिढीचा हा हेडफोनचं भोक असलेला शेवटचा साधा आयपॅड, दहाव्यापासून ते गेलं, तेव्हा आईचा स्पीकर वायरवाला असेल तर कन्व्हर्टर घ्यावा लागेल. आणि सेकंडहँडमध्ये कोणी पाचव्या-सहाव्या पिढीचा गळ्यात मारत असेल तर नका घेऊ, पाचव्याचं १६ ला थांबलंय आणि सहाव्याचं १७ ला, दोन वर्षांनी परत हेच पत्र लिहाल.

हो आणि दोन्ही कामं एकाच आयपॅडवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर क्लास आणि मागे तानपुरा, हे अपडेटनंतर पण नीट होणार नाही, कॉलने माइक घेतला की दुसऱ्या ॲपचा आवाज बहुतेक वेळा थांबतो किंवा दबतो. शिवाय कॉलची ॲप्स सतत वाजणाऱ्या आवाजाला पंख्याची घरघर समजून कापून टाकतात, समोरच्या मुलीला तानपुरा ऐकूच जात नाही. झूम वापरत असाल तर त्यात "ओरिजिनल साउंड" म्हणून आहे ते चालू करायचं, आणि तानपुरा वेगळ्या यंत्रावर.

यूट्यूब राहिलं. २०२५ मध्ये यूट्यूबच्या ॲपने १६ मागायला सुरुवात केली, त्यामुळे १५ वर गेलात तरी ॲप स्टोअरमधून नवं ॲप उतरलंच पाहिजे असं नाही, कधी जुनं व्हर्जन मिळतं कधी नाही. त्याच्या मागे लागू नका. सफारीत यूट्यूब उघडा, शेअरच्या बटणातून "ॲड टू होम स्क्रीन" करा, आयकॉन खालच्या पट्टीत आणून ठेवा, आईला तो ॲपच वाटेल आणि तिच्या मैफिली त्यात लागतील.